वाचकांचे प्रश्न : साडेतीनशे रुपयांचं वॅक्स आणि अर्धं बॉनेट

पाऊस ओसरला की गाडीकडे नीट लक्ष जातं. या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत : तीनशे-चारशे रुपयांना मिळणारं सिंथेटिक वॅक्स घरी लावून पाहावं का, आणि लावायचं तर कसं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ३५० रुपयांची, ५०० मिलीची बाटली घेतली आहे. वर ‘सिंथेटिक वॅक्स’ लिहिलंय. दोन हजारांच्या डबीपेक्षा यात काय कमी असतं? रंगाला धोका तर नाही ना? (ओवळे, घोडबंदर रोड)

जुन्या पद्धतीचं वॅक्स म्हणजे बहुधा कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये होणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं हे मेण साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. सिंथेटिक वॅक्समध्ये मेणाऐवजी पॉलिमर असतात, त्यातही मुख्यतः सिलिकोन. त्यातल्या अमिनो गट असलेल्या सिलिकोनला रंगाच्या पृष्ठभागाला धरून राहायची सवय असते, म्हणून ते साध्या मेणापेक्षा शॅम्पूला जास्त दाद देत नाही. बाटलीत बाकी असतं ते द्रावक (पॉलिमर विरघळवणारं, नंतर उडून जाणारं द्रव) आणि पाणी. स्वस्त बाटलीत या पॉलिमरचं प्रमाण साधारणपणे कमी, आणि तात्पुरती चकाकी देणारी तेलं जास्त असतात. त्यामुळे पहिल्या दिवशी दोन्ही गाड्या सारख्याच चमकतात, फरक कळतो तो सहाव्या-आठव्या धुण्यानंतर.

धोका वॅक्सचा नाही, बाटलीत रगडणारी पूड असेल तर तिचा आहे. लेबलवर ‘क्लीनर वॅक्स’, ‘पॉलिश अँड वॅक्स’, ‘स्क्रॅच रिमूव्हर’ असं काही असेल तर आत केओलिन किंवा अ‍ॅल्युमिनासारखी बारीक पूड असण्याची दाट शक्यता. खात्री करायची तर जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर दोन थेंब टाका, मऊ कापडाने वीस-पंचवीस वेळा घासा आणि पुसून उन्हात तिरकी धरून बघा. धूसर चरे आले, तर ते निव्वळ वॅक्स नाही. ते वर्षातून एखाद्या वेळी चालेल, दर महिन्याला नको. गाडीचा वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, फक्त ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो आणि एकदा झिजला की परत येत नाही.

वॅक्सचा थर तर एक मायक्रॉनचाही नसतो. तो चरे बुजवत नाही. बाटलीतल्या तेलांनी बारीक चरे भरल्यासारखे दिसतात, दोन-चार धुण्यांत पुन्हा उघडे पडतात. एवढं मनाशी पक्कं असेल, तर साडेतीनशेच्या बाटलीबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही.

प्रश्न : सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे, बादलीच वापरावी लागते. अशा ठिकाणी वॅक्स लावायची सगळी पद्धत मापांसकट द्याल का? (ऐरोली)

बादलीत उत्तम काम होतं. तीन बादल्या घ्या. एकीत १० लिटर पाणी आणि २० ते २५ मिली कार शॅम्पू (बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा), दुसरीत १५ लिटर साधं पाणी हातमोजा खळखळून घ्यायला, तिसरी फक्त चाकांसाठी. मगाने ओतायचं पाणी धरून छोट्या गाडीला ५० लिटरच्या आत काम होतं. बागेत फवारणीला वापरतात तो पाच लिटरचा पंप असेल तर आणखी कमी लागतं.

वेळ सकाळी साडेसहा-सातची, जागा सावलीची. बॉनेटवर हाताची उलटी बाजू पाच सेकंद ठेवा. आरामात ठेवता आली तरच पुढे जा. पत्रा तापलेला असेल तर शॅम्पू जागेवरच वाळतो आणि वॅक्समधला द्रावक पसरवायच्या आधीच उडून जातो, मागे चिवट पट्टे राहतात. पोडियम पार्किंग सगळ्यात चांगलं. स्टिल्टमध्ये उजेड कमी असतो, तिथे हातात बॅटरी ठेवा, नाहीतर राहिलेले डाग दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसतील.

आधी चाकं धुवा, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या कापडाने. मग गाडी वरून खाली भरपूर ओली करा आणि धूळ जेवढी नुसत्या पाण्याने जाईल तेवढी जाऊ द्या. हे टाळू नका. घोडबंदर रोडवर मेट्रोचं आणि इमारतींचं काम चालू असलेल्या पट्ट्यात गाडीवर जी धूळ बसते तिच्यात सिमेंट आणि वाळू असते. तिच्यावर कोरडं कापड फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. ओली झाल्यावर हातमोजा शॅम्पूत बुडवून टप, काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा भाग, खालचा भाग आणि शेवटी बंपर, या क्रमाने घ्या. प्रत्येक भागानंतर हातमोजा साध्या पाण्यात खळखळा. त्या बादलीचा तळ गढूळ होताना दिसेल. ती सगळी माती एरवी परत रंगावर गेली असती.

गाडी ओली असतानाच पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं हलकेच रंगावरून फिरवा. पिशवीमुळे खरखर मोठी होऊन हाताला लागते. गुळगुळीत लागलं तर क्ले बारची, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ, मातीसारख्या वडीची गरज नाही, खुशाल पुढे जा. खरखरीत असेल तर १०० ग्रॅमच्या क्ले बारचा तिसरा हिस्सा तोडा, कणकेसारखा मळून पुरीएवढा चपटा करा. एक लिटर पाण्यात पाच मिली शॅम्पू घालून ते स्प्रेच्या बाटलीत भरा आणि दीड फूट लांब, दीड फूट रुंद एवढाच भाग ओलाचिंब करून क्ले सरळ रेषेत, अजिबात जोर न लावता फिरवा. आधी तो अडखळतो, मग सरकायला लागतो. सरकला की थांबायचं. मळलेली बाजू आत दुमडत राहा. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या, धुऊन वापरू नका. त्यात रुतलेला एक खडा संपूर्ण दरवाजाभर चरा काढतो. क्लेबरोबर आधीचं वॅक्सही निघतं, त्यामुळे त्याच दिवशी नवं लावावं लागतंच.

गाडी पुसताना दरवाजे, डिकी आणि पेट्रोलचं झाकण उघडून कडा कोरड्या करा. आरशांच्या आत आणि नंबरप्लेटमागे अडकलेलं पाणी हमखास ऐन वॅक्सच्या वेळी ओघळतं.

आता वॅक्स. बाटली चांगली हलवा, कारण पॉलिमर तळाशी बसतं आणि न हलवता ओतलं तर पहिल्या महिन्यात नुसता द्रावक लागतो. फोमच्या पॅडवर दहा रुपयांच्या नाण्याएवढा ठिपका घ्या, तो अर्ध्या बॉनेटला पुरतो. सरळ रेषेत पसरवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. थर किती पातळ, तर आरशावर फुंकर मारल्यावर जेवढी वाफ बसते तेवढा. पांढरं दाट दिसलं तर जास्त झालं. पूर्ण हॅचबॅकला २० ते ३० मिलीपेक्षा अधिक लागू नये. या हिशेबाने ५०० मिलीची बाटली किमान पंधरा वेळा पुरते. जाड लावल्याने टिकाऊपणा वाढत नाही, रंगाला लागून असलेला थर तेवढा राहतो आणि वरचा सगळा कापडावर येतो.

मग वाळू द्या. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा : स्वच्छ बोट एकदा ओढा. मागे चकचकीत स्वच्छ रेघ उमटली तर वाळलं, फासल्यासारखं दिसलं तर थांबा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत दहा-पंधरा मिनिटं पुरतात, ऑक्टोबरच्या दमटपणात अर्धा तासही लागतो. मात्र बाटलीवर ‘लावा आणि लगेच पुसा’ असं लिहिलं असेल तर ते पाळा आणि एकेक भाग घ्या. तसलं वॅक्स वाळू दिलं तर काढताना खांदे भरून येतात.

पुसायला ३०० ते ३५० जीएसएमची (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाची) मायक्रोफायबरची चार कापडं ठेवा. प्रत्येक कापड दोनदा दुमडलं की आठ स्वच्छ बाजू मिळतात. पहिल्या कापडाने थर उचलायचा, दुसऱ्याने हलक्या हाताने चमक आणायची. ही कापडं घरच्या धुण्यात टाकू नका. साध्या पाण्यात, थोड्या लिक्विड डिटर्जंटने वेगळी धुवा. फॅब्रिक कंडिशनर तर नकोच, त्याने तंतूंवर लेप बसतो आणि कापड पुसायच्या ऐवजी फासायला लागतं.

यानंतर निदान बारा तास, जमलं तर चोवीस तास, गाडीला पाणी लागू देऊ नका. या वेळात द्रावक उडून जातो आणि पॉलिमर पक्कं बसतं. दुसरा हात द्यायचा तर याच अवधीनंतर, लगेच नाही. पहिल्या हातात राहून गेलेल्या जागा झाकणं एवढाच त्याचा उपयोग, म्हणून तिसऱ्याच्या नादी लागू नका.

प्रश्न : एवढं करून वॅक्स चांगलं की वाईट हे ठरवायचं कसं? पाण्याचे थेंब गोल होतात म्हणजे चांगलं, असं सगळे सांगतात. (कोपरखैरणे)

थेंब गोल होणं म्हणजे पृष्ठभाग पाणी झटकतोय, इतकंच. ताजं तेल फासलं तरी थेंब गोल होतात. उलट, चांगलं वॅक्स असूनही त्यावर धुळीचा पातळ थर बसला तर थेंब पसरतात आणि वॅक्स गेलं असं वाटतं. टीटीसी एमआयडीसीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हा घोळ हमखास होतो. आधी शॅम्पूने धुवा, मग निकाल लावा.

खरी परीक्षा अर्ध्या बॉनेटवर करायची. बॉनेट धुऊन, क्ले करून, नंतर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग असं मिश्रण कापडावर घेऊन पुसा. जुनी तेलं आणि शॅम्पूतलं उरलंसुरलं निघून जातं, दोन्ही बाजू एका रेषेवर येतात. मग मधोमध वरून खाली मास्किंग टेपची पट्टी लावा आणि डाव्या बाजूला वॅक्स लावा, उजवी तशीच ठेवा. वर आणि खाली असे भाग करू नका. बॉनेटचा पुढचा भाग खडी आणि चिलटं खातो, मागच्याला इंजिनाची धग जास्त लागते, तुलना चुकते. गाडी अशी उभी राहत असेल की एका बाजूलाच झाडाची सावली किंवा भिंत असते, तर दर आठवड्याला तोंड फिरवून लावा.

दोन वॅक्सची तुलना करायची असेल तर तीन पट्टे करा आणि मधला कोरा ठेवा. कोरा पट्टा नसला तर दोन्ही वॅक्स संपलेली असतानाही एक दुसऱ्यापेक्षा बरं वाटत राहतं.

त्यानंतर बारा आठवडे आठवड्यातून एकदा साध्या शॅम्पूने धुवायचं. ‘वॉश अँड वॅक्स’ शॅम्पू वापरला तर प्रयोग तिथेच संपला, कारण कोऱ्या बाजूलाही लेप बसतो. धुतल्यावर प्रत्येक बाजूला एकाच उंचीवरून एक मग पाणी ओता आणि ते उतरायला किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजा. पिशवी घालून बोट फिरवा. पक्ष्याची घाण पडली तर ती कुठल्या बाजूची सहज निघाली ते लिहून ठेवा. आम्हाला ही शेवटची नोंद सगळ्यात मोलाची वाटते. ज्या आठवड्यात दोन्ही बाजूंचं पाणी सारख्याच वेळात उतरायला लागेल, त्या आठवड्यात वॅक्स संपलं. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला पावसाळ्यात स्वस्त सिंथेटिक वॅक्स साधारण चार ते सहा आठवडे साथ देतं, छताखाली आणि कोरड्या दिवसांत दोन-तीन महिने. तुमच्या गाडीचा आकडा तुमचं बॉनेटच सांगेल. तो कळला की मग महाग बाटली घ्यायची की नाही हा हिशेब सोपा होतो.

प्रश्न : काळ्या गाडीला वॅक्स लावलं. सावलीत सुंदर दिसते, पण उन्हात ढगाळ डाग आणि इंद्रधनुषी तवंग दिसतो. पुन्हा पुन्हा पुसूनही जात नाही. (नेरूळ)

बहुतेक वेळा याची तीन कारणं असतात. थर जाड झाला. दमट हवेत वाळायच्या आधीच पुसलं, त्यामुळे द्रावक आत अडकला. किंवा कापड वॅक्सने भरून गेलं आणि तेच ते फिरवत राहिलं. पांढऱ्या-चंदेरी गाडीवरही हे होतं, तिथे नजरेला पडत नाही इतकंच.

कोरडं घासत बसू नका, त्याने काळ्या रंगावर कोळिष्टकासारखे गोल चरे पडतात. गाडी सावलीत गार होऊ द्या. स्वच्छ मायक्रोफायबर साध्या पाण्याने किंचित दमट करून (पिळल्यावर थेंब पडता कामा नये) एका भागावर फिरवा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसा. तेवढ्याने गेलं नाही तर पॅडवर त्याच वॅक्सचे तीन-चार थेंब घेऊन अगदी पातळ हात द्या आणि मिनिटाभरात पुसा. नव्या थरातला द्रावक जुना चिकट थर मोकळा करतो. आणि चोवीस तासांनी एकदा परत पाहा, दमट दिवसांत उरलेला तवंग पुष्कळदा दुसऱ्या दिवशी एका हाताने निघतो.

गोल चरे आधीपासूनच असतील तर ते वॅक्सने आलेले नाहीत. रोज सकाळी एकाच बादलीत आठ-दहा गाड्या पुसल्या जातात, तिथे ते येणारच. गाडी पुसणाऱ्या दादांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना वेळ आणि पाणी दोन्ही मोजकं मिळतं. त्यांना तुमची स्वतःची दोन कापडं द्या आणि रोज कोरडं पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट ओलं करून पुसा, असं सांगा. पगार तोच ठेवा. आणि पुसायच्या पाण्यात चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेल टाकलं जात असेल तर ते आजच थांबवा, त्याने वॅक्स विरघळून जातं आणि रबरी पट्ट्या फुगतात.

प्रश्न : काळ्या प्लास्टिकच्या बंपरवर वॅक्स लागून पांढरे डाग बसले आहेत. (वागळे इस्टेट)

खरबरीत प्लास्टिकच्या खाचांत वॅक्स वाळून बसलंय. शाळेतलं पांढरं खोडरबर हलकेच घासा, बराचसा डाग निघतो. राहिलेल्याला कोमट शॅम्पूचं पाणी आणि मऊ टूथब्रश. पुढच्या वेळी लावायच्या आधी प्लास्टिकच्या कडेला मास्किंग टेप लावा. पूर्ण गाडीला दहा मिनिटं लागतात.

प्रश्न : आमच्याकडे टँकरचं आणि बोअरिंगचं पाणी येतं. वॅक्स लावल्यापासून गाडीवर पांढरे गोल डाग उलट जास्त दिसायला लागले. वॅक्स खराब आहे का? (कासारवडवली)

वॅक्स काम करतंय म्हणूनच डाग दिसतायत. पूर्वी पाणी पसरून वाळत होतं, आता थेंबाथेंबाने उभं राहून वाळतं आणि त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार एका जागी गोळा होतो. पाणी कठीण असेल तिथे गाडी आपोआप वाळू देणं ही चूक आहे, वॅक्स असो वा नसो. पाणी ओतल्यावर लगेच मोठ्या टॉवेलने टिपून घ्या. शेवटचं पाच-सहा लिटर पाणी पिण्याच्या नळाचं वापरता आलं तर डागांचा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

बसलेल्या डागांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग घ्या, कापड भिजवून डागावर तीस ते साठ सेकंद ठेवा, न घासता उचला आणि भरपूर पाण्याने धुवा. उन्हात हे करू नका आणि वाळू देऊ नका. त्या जागचं वॅक्स उतरतं, तिथे पुन्हा लावा. व्हिनेगरनेही न जाणारा आणि नखाला खळगा लागणारा डाग म्हणजे क्लिअर कोट खाल्ला गेलाय. तो फक्त पॉलिशनेच कमी होतो. पावसानंतरच्या कडक उन्हात, बॉनेट गरम असताना, हे खळगे सगळ्यात लवकर पडतात.

प्रश्न : पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके आले आहेत. पत्रा गंजला का? गाडी रेल्वेच्या कारशेडजवळ उभी असते. (सानपाडा)

पत्रा गंजलेला नाही. लोकलचे ब्रेक आणि रूळ यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण रंगात रुतून तिथे गंजतात. कळव्यातूनही हेच पत्र आलं आहे. शॅम्पूने ते निघत नाहीत, आणि वरून वॅक्स लावलं तर आत कोंडून गंजत राहतात. आधी ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचं फवारायचं द्रव वापरा. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग होऊन जांभळं होतं. गार पत्र्यावर फवारा, तीन ते पाच मिनिटं थांबा, वाळू न देता धुवा. वास उग्र असतो, हातमोजे घाला आणि बंद तळघरात करू नका. क्ले त्यानंतरच फिरवा, नाहीतर लोखंडाचे टोकदार कण क्लेत अडकून रंगावर फिरतात.

प्रश्न : खाडीजवळ राहतो. पक्ष्यांची विष्ठा, वटवाघळांनी टाकलेली बदामाची फळं आणि रेन ट्रीखालचा चिकटा. वॅक्सने खरंच फरक पडतो का? (सीवूड्स)

पडतो, पण तो तासांचा आहे, दिवसांचा नाही. विष्ठेत यूरिक अ‍ॅसिड असतं. उन्हात क्लिअर कोट किंचित मऊ होतो, वरची विष्ठा वाळून आकसते आणि रात्री रंग गार होताना तोच ठसा धरून बसतो. मध्ये वॅक्स असेल तर आम्लाला आधी ते खावं लागतं. सकाळची घाण संध्याकाळी काढली तरी चालण्याची शक्यता वाढते. आठवडाभर ठेवली तर कुठलंही वॅक्स वाचवत नाही, महागडंही नाही.

काढताना खरवडू नका, विष्ठेत वाळूचे कण असतात. ओलं कापड वर पाच-दहा मिनिटं ठेवून उचलून घ्या. एक छोटी स्प्रेची बाटली आणि दोन कापडं डिकीत असू द्या. झाडावरचा चिकटा हा पिठ्या ढेकणांसारख्या किडींनी सोडलेला साखरेचा रस असतो. ताजा असताना पाण्याने जातो, त्यावर धूळ आणि काळी बुरशी बसली की मग शॅम्पू आणि क्लेच लागतो. जागा बदलता येत असेल तर ती बदला, कव्हरवर खर्च करू नका. धुळकट गाडीवर ओढलेलं कव्हर स्वतःच चरे पाडतं.

प्रश्न : दसऱ्याला बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतो. गेल्या वर्षी पांढऱ्या रंगावर पिवळा डाग राहिला. (खारघर)

पूजेच्या दोन दिवस आधी वॅक्स लावा, म्हणजे थर बसायला वेळ मिळतो आणि हळद थेट रंगाला लागत नाही. हळद-कुंकू पाण्यात कालवा, तेलात नको. तेलाबरोबर रंग आत ओढला जातो. बाजारच्या कुंकवात बऱ्याचदा कृत्रिम रंग असतो आणि तो हळदीपेक्षा चिवट. शक्य असेल तर स्वस्तिक काचेवर काढा.

त्याच संध्याकाळी शॅम्पूचं पाणी ओतून विरघळू द्या. कोरडं पुसू नका, कुंकवात आणि अक्षतांत कण असतात. टायरपाशी फोडलेल्या नारळाचं पाणी दरवाजावर उडालं असेल तर तेही धुवा, ते साखरेचं आहे. हळदीचा फिकट पिवळेपणा राहिलाच तर गाडी दोन-चार दिवस उन्हात राहू द्या. हळदीतलं कुर्कुमिन प्रकाशात विघटित होतं, डाग आपोआप फिका पडतो. धुळवडीच्या आधीही अशीच तयारी करता येईल.

प्रश्न : गॅरेजवाले दोन हजारांत ‘टेफलॉन कोटिंग’ करतो म्हणतात. घरच्या वॅक्सपेक्षा ते बरं ना? (ठाणे पूर्व)

टेफलॉन म्हणजे पीटीएफई. त्याचा शोध १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतल्या रॉय प्लंकेट यांना अपघाताने लागला. त्याचा वितळणबिंदू ३२७ अंश सेल्सिअस आहे, आणि तव्यावर त्याचा लेप बसवताना त्याहून जास्त तापवावं लागतं. कारखान्यात गाडीचा रंग साधारण १४० अंशांना भाजलेला असतो. मग गॅरेजमध्ये गार पत्र्यावर चोळून टेफलॉनचा लेप बसेल कसा? जे बसतं ते त्या बाटलीतलं पॉलिमर किंवा मेण, म्हणजे तुमच्या साडेतीनशेच्या बाटलीचंच नातेवाईक. पैसे जातात ते मजुरीला आणि मशीनवरच्या रबिंगला, म्हणजे रंग घासून चकचकीत करण्याला. रबिंग वरचेवर करून घेऊ नका, क्लिअर कोटची जाडी वर सांगितलीच आहे. काम करून घ्यायचंच असेल तर कुठला पॅड आणि कुठलं कंपाउंड वापरणार ते आधी विचारा.

प्रश्न : पुढची काचही वॅक्सने पुसली. आता वायपर थडथड करतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा झगमगाट पसरतो. (घणसोली)

काचेवर हे वॅक्स नको. वर दिलेलं अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण कापडावर घेऊन काच दोनदा पुसा, मग वायपरच्या रबराची कडही त्याच कापडाने पुसा. ती विसरली तर पहिल्याच फेरीत वॅक्स परत काचेवर येतं.

प्रश्न : अपघातानंतर दरवाजा नव्याने रंगवला, दहा दिवस झाले. सगळ्या गाडीबरोबर त्यालाही वॅक्स लावू का? (कोपरी)

तो दरवाजा सोडून बाकीच्या गाडीला लावा. गॅरेजचा रंग कारखान्याएवढा भाजलेला नसतो, त्यातला द्रावक आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतो. वरून पॉलिमरचा थर दिला तर तो अडकतो, रंग मऊ राहतो किंवा झाकोळतो. किमान तीस दिवस थांबा आणि रंगाऱ्याने जास्त सांगितले असतील तर तितके. क्लेही नको. नुसतं पाणी आणि सौम्य शॅम्पू चालेल.

प्रश्न : उरलेलं वॅक्स स्कूटरला चालेल का? (रबाळे)

रंगवलेल्या पत्र्याला आणि चकचकीत प्लास्टिकच्या भागांना चालेल, पाच मिली पुरे. मॅट रंग असेल तर अजिबात नको, त्यावर तेलकट चट्टे पडतात आणि ते जात नाहीत. सीट, पाय ठेवायची जागा, हँडलच्या मुठी आणि टायर यांना लावू नका, पाय-हात घसरतात. सगळ्यात जपायचं ते ब्रेकला. पुढच्या डिस्कला किंवा पॅडला वॅक्स लागलं तर ब्रेक पकड सोडतो. वॅक्स लावायच्या आधी डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधा. चुकून लागलंच तर स्कूटर चालवू नका. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून काढा आणि पॅडला लागलं असेल तर पॅड बदलून घ्या.